कला शाखेला पदार्थविज्ञान का नको?



बी.ए.च्या मुलीने पदार्थविज्ञानावर लेख लिहावा, हे पाहून आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटले असेल. उमटू द्या. वार्षिकांकासाठी साहित्य गोळा करणाऱ्या सरांनाही ते आवरले नव्हते. "अगं, तुझा विषय मराठी वाङ्मय. एखादी कविता दे, नाही तर संतांवर चार पाने लिही," असे ते म्हणाले. कविता मला करता येत नाही, आणि संतांवर लिहिण्याइतका माझा अधिकार नाही. माझ्याजवळ आहे ती एक तक्रार. ती कोणा एका माणसाविरुद्ध नाही, तेव्हा ती छापायला हरकत नसावी असे समजून लिहिते.

'पदार्थविज्ञान' हा शब्द आता मागे पडला आहे. पाठ्यपुस्तकावर 'भौतिकशास्त्र' असते आणि मुले सरळ 'फिजिक्स' म्हणतात. मला मात्र जुना शब्द जवळचा वाटतो. पदार्थ म्हणजे हाताला लागणारी वस्तू: माती, पाणी, मीठ, चुलीवरचा जाळ. या लेखात याच चार वस्तू येणार आहेत. फार मोठ्या गोष्टी मला ठाऊक नाहीत.

तक्रारीचा आरंभ एका कागदापासून झाला. मी प्रथम वर्षाला होते, २०२४ ची दिवाळी नुकतीच आटोपली होती. बाबांनी वावरातली माती तपासायला दिली होती, तिची मृदा आरोग्य पत्रिका घरी आली. २०१५ पासून शासन ही पत्रिका शेतकऱ्यांना देते, हे आपल्यापैकी शेतकऱ्यांच्या मुलांना ठाऊकच आहे. आमचे चार एकर कोरडवाहू. पऱ्हाटी, तूर आणि ओल राहिली तर हरभरा. भातकुली तालुका खारपाण पट्ट्यात मोडतो. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, की पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून हा पट्टा पसरला आहे. इथे जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारे. विहीर खणावी, पाणी लागावे, आणि ते ना माणसाने प्यावे ना पिकाला द्यावे, असा हा प्रकार. पावसाळ्यात पायाला मणभर चिकटणारी काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की बैलाचा पाय अडकावा.

बाबा सातवीपर्यंत शिकले. आई सही करते. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. म्हणून पत्रिका आली ती थेट माझ्यापुढे. बाबांनी ती बाजेवर पसरली आणि म्हणाले, "तू कॉलेजात जातं ना वं? वाच बरं, काय लिवलं आहे ते."

नत्र, स्फुरद, पालाश हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक कळते. 'सामू' हा शब्दही त्यांनी कृषी सहायकाच्या तोंडून ऐकलेला होता. पण त्याखालची ओळ होती 'विद्युतवाहकता'. बाबांनी विचारले, "मातीतून काय करंट जाते काय वं?"

मी म्हटले, "बाबा, तो सायन्सचा शब्द आहे. मी आर्टला आहे."

"बरं," म्हणाले, आणि पत्रिका चार घड्या करून सातबाराच्या पिशवीत ठेवून दिली. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. ते 'बरं' मला आजही ऐकू येते.

उत्तर किती सोपे होते, ते मला चार महिन्यांनी कळले. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही. त्यात क्षार विरघळले की विद्युतभार असलेले कण, म्हणजे आयन, सुटे होतात, आणि तेच वीज वाहून नेतात. प्रयोगशाळेत माती पाण्यात कालवून त्यात मीटर बुडवितात. वीज जितकी सहज वाहील तितके क्षार जास्त. म्हणजे बाबांच्या वावरातून करंट जातो की नाही, हा प्रश्नच नव्हता. मातीत विरघळणारे मीठ किती, एवढेच त्या ओळीत लिहिले होते. बाबा आयुष्यभर ज्या मिठाशी झगडत आले त्याचे माप त्यांच्या हातात होते, आणि घरातली शिकलेली मुलगी ते वाचू शकली नाही.

आता कोणी विचारील, विज्ञानाची एवढी आवड होती तर कला शाखा कशाला घेतली? प्रश्न रास्त आहे. आमची नववी टाळेबंदीच्या वर्षात गेली. घरात फोन एक, तो बाबांसोबत वावरात. भिंग, आरसा, चुंबक हे सारे आम्ही चित्रांतच पाहिले. तरी २०२२ साली दहावीला मला विज्ञानात १०० पैकी ८१ गुण मिळाले. मग अकरावी. जवळ पडणाऱ्या कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखा होती. विज्ञान म्हणजे अमरावती. अमरावती म्हणजे बसने पाऊण तास, आणि संध्याकाळची बस चुकली तर काय, हा आईचा प्रश्न. शिवाय विज्ञान म्हणजे शिकवणी वर्ग, आणि त्याची फी ऐकून बाबांनी पुढे काही विचारलेच नाही. आणि पुस्तके इंग्रजीत. दहावीपर्यंत ज्याला मी 'त्वरण' म्हणत आले, ते एका रात्रीत 'ॲक्सिलरेशन' होणार होते. आई म्हणाली, "आर्ट घे माय. पोलीस भरतीचं पाह्यजो." मी आर्ट घेतले.

कुणी गैरसमज करून घेऊ नये. मराठी वाङ्मय मला मनापासून आवडते, आणि 'कुठेच प्रवेश मिळाला नाही म्हणून आर्टला आली' हे ऐकले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. माझे म्हणणे इतकेच, की आमच्यासारख्या कित्येकींनी पदार्थविज्ञान सोडलेले नाही. ते आमच्यापासून सुटले. अंतराने, पैशाने आणि भाषेने तो निर्णय घेतला, आणि त्याखाली सही तेवढी आम्ही केली. अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे पुढचे विदर्भ महाविद्यालय, १९२३ साली निघाले. ते पाऊण तासाचे अंतर ओलांडून महाविद्यालय आमच्या घरापर्यंत पोहोचायला १०१ वर्षे लागली, आणि पोहोचले तेही अर्धेच.

आता त्या चार महिन्यांनंतरची गोष्ट. माझा मावसभाऊ एका छोट्या महाविद्यालयात बी.एस्सी.ला होता, पदार्थविज्ञान घेऊन. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी तिथे विज्ञान दिनाचे प्रदर्शन होते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली याच तारखेला आपला प्रसिद्ध शोध जाहीर केला, म्हणून १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतात. दादा म्हणाला, "ये पाहायले." गेले.

प्रदर्शनात थर्माकोलचे धरण होते, ज्वालामुखी होता, सौरऊर्जेचे घर होते. ते पाहून झाल्यावर दादा मला प्रयोगशाळेत घेऊन गेला. जुनी लाकडी कपाटे, दारांच्या काचांवर धूळ, एका कोपऱ्यात बुरशीचा वास. आतल्या अंधाऱ्या खोलीत काळ्या पडद्यामागे एक दिवा जळत होता. त्याचा उजेड इतका पिवळा, की माझी लाल ओढणी त्यात मातकट दिसू लागली. समोर दुर्बिणीसारखे एक यंत्र. तिथल्या सरांनी (ते तासिका तत्त्वावर शिकवीत, हे मागाहून कळले) मला विचारले, "तुम्ही कोणत्या वर्षाला?" मी म्हटले, "सर, मी आर्टची." वाटले, आता बाहेर जायला सांगतील. ते म्हणाले, "डोळे आहेत ना? बसा."

डोळा लावला. अंधारात एक पिवळी उभी रेषा, केसासारखी बारीक. सरांनी यंत्राची नळी थोडी आणखी फिरवायला सांगितली, "आता सावकाश पहा." आणि ती एक रेषा दोन झाली! शेजारी शेजारी, मध्ये काळोखाची एक फट. मी डोळा काढला, पुन्हा लावला. दोनच.

सर म्हणाले, या सोडियमच्या रेषा. एकीची तरंगलांबी ५८९० ॲंगस्ट्रॉम, दुसरीची ५८९६. जगात कुठेही सोडियम तापवा, याच दोन रेषा मिळतील. सूर्याच्या प्रकाशातही याच जागी दोन काळ्या रेषा असतात, त्यावरून माणसाने जमिनीवर उभे राहून सूर्यात सोडियम असल्याचे ओळखले. १८ ऑगस्ट १८६८ रोजी आपल्या देशातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. तेव्हा पाहणाऱ्यांना या दोहोंशेजारी आणखी एक पिवळी रेषा आढळली. ती कोणाचीच जुळेना. पुढे कळले, की ती हेलियमची. म्हणजे हेलियम आधी सूर्यात सापडला आणि पृथ्वीवर १८९५ साली. मी विचारले, "सर, सोडियम म्हणजे नेमके काय?" ते म्हणाले, "मीठ खाता ना? त्यातला अर्धा भागीदार. तुम्ही कुठल्या? भातकुलीकडच्या? मग तुमच्या विहिरीत तोच तर आहे."

परतीच्या बसमध्ये मी एक शब्द बोलले नाही. घरी आल्यावर आईचे वरण उतू गेले. गॅसची निळी ज्योत एकदम पिवळी झाली. ही गोष्ट मी शेकडो वेळा पाहिली होती, आपण सर्वांनीच पाहिली आहे. त्या दिवशी मी ओरडले, "माय, सोडियम!" आई म्हणाली, "वरण उतू गेलं अन् तुले काय सुचते वं?"

असो. प्रयोगशाळेतली आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर हा लेख एकतर्फी होईल. मी दादाला विचारले, "या रेषा तू किती वेळा पाहिल्या?" तो थोडा गप्प राहिला. मग म्हणाला, की दोन रेषा अशा वेगवेगळ्या त्यानेही त्याच दिवशी पाहिल्या. जर्नलमध्ये मात्र दोहोंची तरंगलांबी तो केव्हाच लिहून मोकळा झाला होता. वाचने मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरविली, उत्तर पुस्तकाशी जुळले, सही झाली. यंत्र परीक्षेच्या सुमारास आणि विज्ञान दिनाला कपाटाबाहेर येते. "रीडिंग बरोबर आलं ना, बस," दादा म्हणाला. त्याचा दोष मी मानत नाही. त्याचे सारे लक्ष बी.एस्सी.नंतर काय, या काळजीत. त्याच्या वर्गात शेवटच्या वर्षाला पदार्थविज्ञान घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शिकविणाऱ्या सरांना पुढच्या वर्षी बोलावतील की नाही, याची खात्री नाही. अशा ठिकाणी काळा पडदा लावून दिवा पेटवायला माणसाला उमेद कुठून यावी?

पण विचार करा. जिथे यंत्र आहे तिथे डोळा लावायला कोणाला सवड नाही, आणि जिथे डोळे आसुसलेले आहेत तिथे यंत्र नाही. या दोहोंमध्ये एका बसच्या तिकिटाचे अंतर आहे, आणि 'शाखा' नावाची एक भिंत.

ही भिंत फार जुनी असेल असा माझा समज होता. ग्रंथालयात शोधाशोध केली तेव्हा तो दूर झाला. ज्यांच्या नावाने विज्ञान दिन पाळतो ते रामन १९०४ साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवीधर झाले. कोणती पदवी? बी.ए.! आणि १९०७ साली एम.ए. विषय अर्थातच पदार्थविज्ञान. लोकमान्य टिळक गणित घेऊन बी.ए. झाले. आपले जयंत नारळीकर १९५७ साली बनारसहून बी.एस्सी. झाले आणि केंब्रिजला जाऊन गणितात पुन्हा पदवीधर झाले, ती पदवी बी.ए.च. केंब्रिजमध्ये आजही पदार्थविज्ञान शिकणाऱ्याला बी.ए.च म्हणतात. मराठीतले पहिले वृत्तपत्र 'दर्पण' १८३२ साली काढणारे बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि ज्योतिष शिकवीत. या मंडळींना कोणी 'तुम्ही आर्टचे की सायन्सचे?' असे विचारले असते, तर त्यांना प्रश्नच कळला नसता.

नारळीकरांचे उदाहरण तर आम्हा मराठीच्या विद्यार्थ्यांना जास्तच लागू पडते. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठविली आणि ती पहिली आली. त्यांच्या आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. २०२१ साली नाशिकच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २० मे २०२५ रोजी ते गेले. एक खगोलशास्त्रज्ञ मराठी साहित्याच्या सर्वोच्च आसनावर बसू शकतो, आणि त्याचे आपल्याला कौतुक वाटते. मग मराठी साहित्याची विद्यार्थिनी आठवड्यातून एक तास प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसली, तर कोणाचे काय बिघडेल?

इंग्रज लेखक सी. पी. स्नो यांनी १९५९ साली केंब्रिजला एक व्याख्यान दिले होते. साहित्याची माणसे आणि विज्ञानाची माणसे यांची दोन जगे झाली असून ती एकमेकांशी बोलत नाहीत, हा त्याचा विषय. ऊष्मागतिकीचा दुसरा नियम कोणता, असे स्नो विद्वान साहित्यिकांना विचारीत आणि ते थंड पडत. हे वाचताना मला एक फरक जाणवला. त्या साहित्यिकांना तो नियम शिकायचा नव्हता, विज्ञान म्हणजे कारागिरांचे काम असा त्यांचा तोरा. आमचा तसा तोरा नाही. आम्हाला कोणी विचारलेच नाही. अमेरिकेत विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी पदार्थविज्ञानाचे निराळे वर्ग चालत आले आहेत. रॉबर्ट मार्च यांचे त्यासाठीचे पुस्तक १९७० साली निघाले, त्याचे नावच 'कवींसाठी पदार्थविज्ञान'. आमच्याकडे कवी पुष्कळ आहेत, याच अंकाची अनुक्रमणिका पाहा!

कोणी म्हणेल, आता नवे शैक्षणिक धोरण आले, ही भिंत पडली. होय, कागदावर पडली. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून लागू झाले, म्हणजे आमचीच तुकडी पहिली. त्यात 'खुला वैकल्पिक' विषय असतो, आणि तो आपल्या मुख्य विषयाच्या शाखेबाहेरचा घ्यावा असा नियम आहे. प्रवेशाच्या दिवशी तो नियम वाचून मला केवढा आनंद झाला होता! पण ज्या महाविद्यालयात विज्ञान शाखाच नाही, तिथे विज्ञानाचा विषय शिकविणार कोण? आमच्या वाट्याला वाणिज्यातला एक विषय आला. सरांनी तो मन लावून शिकविला, मला त्यात चांगले गुण पडले, बँकेची स्लिप आता मी बाबांपेक्षा लवकर भरते. तक्रार नाही. पण नियमाने उघडलेले दार आमच्याकडे भिंतीवर नुसते रंगविलेले आहे, हेही खरे.

"बी.ए.वाल्यांना फिजिक्सचा उपयोग काय?" हा आक्षेप मी सर्वांत जास्त ऐकला, आणि तोही आमच्याच मैत्रिणींकडून. त्यांना माझे एक सांगणे आहे. आपण पदार्थविज्ञान आजही शिकतोच! स्पर्धा परीक्षेच्या गाईडमध्ये 'सामान्य विज्ञान' हा भाग असतो ना? ओहमचा नियम, न्यूटनचे तीन नियम, ध्वनीचा वेग, आरशांचे प्रकार. बसस्टँडवर उभे राहून आपण ते घोकतो. परवा एक मैत्रीण डोळे मिटून म्हणत होती, "विद्युतधारा ही विभवांतराच्या समप्रमाणात असते, विद्युतधारा ही विभवांतराच्या समप्रमाणात असते." मी विचारले, विभवांतर म्हणजे काय? ती म्हणाली, "ते नाही विचारत." तेव्हा कला शाखेला विज्ञान शिकवावे की नाही, हा वादच संपलेला आहे. ते मंत्रासारखे पाठ करवायचे की हाताने करून बघू द्यायचे, एवढेच ठरवायचे उरले आहे.

दुसरा आक्षेप गणिताचा. त्याला मी खरोखर भिते, कारण बी.एस्सी.चे गणित मला झेपले असते असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मी बी.एस्सी. मागत नाही. दहावीच्या गणितावर पुष्कळ काही होते. एक मीटर दोरीला दगड बांधून झुलवा. जाऊन परत यायला त्याला सुमारे दोन सेकंद लागतात. दगड मोठा बांधा, लहान बांधा, फरक पडत नाही. दोरी आखूड केली की मात्र पडतो. मी हे अंगणातल्या कडुलिंबाला बांधून, फोनवर वेळ लावून, वीस-वीस झोके मोजून पाहिले. भाची झोळीत असताना आणि झोळी रिकामी असताना झोक्याला वेळ तेवढाच का लागतो, हे तेव्हा कळले. त्या दोन आकड्यांवरून पृथ्वीची ओढ किती हे काढता येते, आणि त्याला गुणाकार, भागाकार व वर्ग एवढेच लागते.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो आपल्या प्राध्यापक मंडळींकडून आला. त्यांचे बरोबर आहे. नवी प्रयोगशाळा कोण देणार? पण सातपुड्यापलीकडे होशंगाबाद जिल्ह्यात (आता त्याला नर्मदापुरम म्हणतात) १९७२ साली खेड्यांतल्या सोळा शाळांमधून मुलांना प्रयोग करून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. महागडी यंत्रे नव्हती, हाताशी सापडेल ते सामान होते. पुढे तो उपक्रम कितीतरी शाळांत पसरला आणि २००२ साली बंद झाला. बंद झाला म्हणून फसला असे म्हणणारे म्हणोत. तीस वर्षे तो चालला, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. आमच्या गरजा तर त्याहूनही थोड्या आहेत. एका सत्राचा विषय, आठवड्यातून एकदा, शनिवारी. शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातून एक शिक्षक यावा, नाही तर महिन्यातून एकदा आम्ही तिकडे जावे. शिकविणे मराठीत असावे, इंग्रजी शब्द सोबत कळले तर उत्तमच. आणि प्रयोग इथल्या मातीतले असावेत. काचेच्या नळीत कोरडी काळी माती भरून तिचे खालचे टोक खाऱ्या पाण्यात ठेवले, तर पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते. हेच केशाकर्षण. वर आलेले पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. उन्हाळ्यात ओलसर खोलगट जागी जो पांढरा थर दिसतो, त्याचे गुपित त्या एका नळीत आहे. एक मल्टिमीटर, दोन तारा आणि पाच विहिरींचे पाणी घेतले, तर गावाच्या विहिरींचा तुलनात्मक तक्ता आम्हीच तयार करू. इतिहासाच्या मुलांनी त्या विहिरी कधी खणल्या ते विचारून घ्यावे, भूगोलाच्या मुलांनी नकाशा काढावा. जर्नल मात्र ज्याने त्याने आपल्याच हाताने लिहावे, ही एक अट मी घालीन. दादाची क्षमा मागून!

आणि आपल्याइतकाच फायदा दादाच्या महाविद्यालयाचाही आहे. तिथले यंत्र वर्षातून दोनदा कपाटाबाहेर येते ते वीसदा येईल. तिथल्या सरांना शनिवारचा एक तास जादा मिळेल. कदाचित तिथली मुलेही, आर्टच्या मुली एवढे डोळे फाडून काय पाहताहेत, म्हणून एकदा डोळा लावतील.

गेल्या मे महिन्यात मी बाबांना ती पत्रिका पिशवीतून काढायला लावली. एका भांड्यात पिण्याचे पाणी, दुसऱ्यात विहिरीचे. बॅटरी, तारा आणि छोटा लाल दिवा दादाने दिला होता. तारांची टोके पिण्याच्या पाण्यात बुडविली तेव्हा दिवा जेमतेम लुकलुकला. विहिरीच्या पाण्यात चांगला लागला. बाबांनी तारा माझ्या हातून घेतल्या आणि आपणच दोन-तीनदा करून पाहिले. शेजारचे काकाही पाहायला आले. मग पत्रिकेवरची ती ओळ मी वाचून दाखविली. आपल्याकडे क्षारांच्या एकूण मापाइतकाच सोडियमचा त्रास आहे, तो मातीच्या बारीक कणांना चिकटून बसतो, म्हणून पाणी मुरत नाही आणि म्हणून कृषी सहायक जिप्सम टाका म्हणतात, हेही सांगितले. सांगताना दोनदा अडखळले. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "हे सारं ठीक आहे. पण हे मीठ आलं कुठून? समुद्र तं इकडे नाही."

मला उत्तर आले नाही. या वेळी मी 'आर्टला आहे' असे म्हटले नाही. वहीत प्रश्न लिहून ठेवला, त्याखाली तारीख घातली. वहीत आता असे अकरा प्रश्न आहेत.

खुल्या वैकल्पिक विषयात पदार्थविज्ञानाचा एक अभ्यासक्रम सुरू करावा, अशा विनंतीचा अर्ज आम्ही प्राचार्य महोदयांच्या नावे लिहिला आहे. मसुदा मराठी विभागाच्या सरांनी तपासून दिला. कविता मागणारे सर ते हेच. आतापर्यंत सतरा सह्या झाल्या आहेत, त्यांत अकरा मुलींच्या. अर्ज ग्रंथालयात, वर्तमानपत्रांच्या टेबलाच्या डाव्या खणात ठेवला आहे. पेन सोबत आणावा, तिथला चालत नाही.